ब्रेसाँछाप डबकं

पावसाळ्यात रायपूरच्या पुरानी बस्तीत चालणं म्हणजे निम्मं उड्या मारणं. महामाया मंदिराकडून लिली चौकाकडे निघालेला माणूस एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पायजम्याचा घोळ धरून डबकं ओलांडतो. हा त्याचा नाइलाज. पण कोपऱ्यावर कुणी कॅमेरा रोखून उभा असला, की संध्याकाळपर्यंत त्या नाइलाजाला इंग्रजी विशेषण चिकटतं : ‘ब्रेसोनियन’.

कारण काय, तर १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरने साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा एक माणूस टिपला. टाच पाण्याला टेकायच्या आत. फोटो अप्रतिम आहे, वादच नाही. पण तेव्हापासून जगातल्या यच्चयावत डबक्यांचा सातबारा ब्रेसाँच्या नावावर झाला आहे. उद्या नगर निगमाने खड्डे बुजवले तर कलेची केवढी हानी होईल, विचार करा.

तात्यापाऱ्यातल्या एका काकांना पुतण्याने असाच फोटो दाखवला.

“काका, बघा ना, एकदम ब्रेसोनियन आलाय.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे हललाय का रे?”

“तसं नाही हो. ब्रेसन म्हणून एक फार मोठा...”

“आपल्या मंडळाचा मेंबर आहे?”

मग काकांनी फोटो पाहिला. उडी मारणारे गृहस्थ ओळखीचे निघाले. मागच्या पाटीवरून गल्ली कळली. शटर अर्धंच वर आहे, म्हणजे दुकान उघडायच्या वेळचा फोटो, हेही त्यांनी सांगून टाकलं. पुतण्याकडे सांगायला एकच शब्द होता, आणि तोही पॅरिसचा.

इंग्रजीची ही जुनी खोड. माणूस गाजला की त्याच्या नावाला शेपूट लावायचं आणि नाव कामाला जुंपायचं. काफ्का, डिकन्स यांचं झालं, तसं फोटोग्राफरांचं. पांढऱ्या पडद्यापुढे गंभीर चेहरा दिसला की अ‍ॅव्हेडन. काळेपांढरे डोंगर दिसले की अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. कुणी जरा विचित्र नजरेने कॅमेऱ्याकडे बघत असलं की डिअ‍ॅन आर्बस. लिहिणाऱ्याची सोय मोठी, कारण फोटो पाहायचे श्रम वाचतात. मराठीत ‘ब्रेसाँछाप’ म्हटलं तर नकलेचा वास येतो. इंग्रजीत ‘ब्रेसोनियन’ म्हटलं की त्यालाच अत्तर लागतं.

सगळीच नावं अशी पोकळ नसतात, हे मान्य. कॅनडाच्या युसुफ कार्शने ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात चर्चिलच्या तोंडातला सिगार सरळ काढून घेतला आणि त्या क्षणी उमटलेली आठी टिपली. तीच आठी २०१६ साली ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर आली. फील्ड मार्शल माँटगोमेरीच्या नावावर ‘कार्श्ड’ हे क्रियापद जमा आहे. कार्शपुढे बसून आलेला माणूस ‘कार्श्ड’ झालेला. हे पटतं. त्या शब्दात काहीतरी घडलेलं आहे, निदान एक सिगार गेलेला आहे.

आणि गंमत बघा. एवढ्या नामवंतांची नावं शेपट्या लावून फिरवली जातात, पण घराघरात पोचलेलं फोटोग्राफरचं नाव एकच : पापाराझी. तो माणूस कधी जन्मलाच नाही! १९६० च्या ‘ला दोल्चे व्हिता’ या फेलिनीच्या चित्रपटात पापाराझो नावाचा फोटोग्राफर आहे, त्याचं हे अनेकवचन. पटकथाकार फ्लायानोच्या सांगण्याप्रमाणे, नाव उचललं ते जॉर्ज गिसिंगच्या प्रवासवर्णनातल्या एका इटालियन हॉटेलमालकाचं. ब्रेसाँने आयुष्यभर कॅमेरा घेऊन पायपीट केली, आणि अमर झाला हॉटेलवाला.

पुरानी बस्तीला हे विशेषणांचं शास्त्र कुणी शिकवायला नको. इथल्या दूधाधारी मठाचे महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, अशी परंपरा सांगते. म्हणून ते दूधाधारी आणि मठही दूधाधारी. महंतांचं नाव ठाऊक नसलेल्यालाही दुधाचा लोटा दिसतो. उलट शेजारच्या तळ्याचं कागदोपत्री विवेकानंद सरोवर झालं, तरी रिक्षावाल्याच्या तोंडी ते बूढ़ा तालाबच.

मग आपल्या माणसांची विशेषणं का नाहीत? करून पाहा. निजामाच्या दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ काही लहान माणूस नव्हता. पण रायपुरात एखाद्या फोटोला ‘दीनदयाळी’ म्हणालात, तर लोक तुम्हाला डी. डी. नगरचा, म्हणजे दीनदयाळ उपाध्याय नगरचा, रस्ता दाखवतील, नाहीतर यंदा मत कुणाला, ते विचारतील. गौतम राजाध्यक्षांनी नट-नट्यांच्या चेहऱ्यांवर जो उजेड पाडला, त्याला ‘राजाध्यक्षीय’ म्हणावं, तर ती अमेरिकेची राज्यपद्धती वाटते. शिवाय वाहतूक एकेरी. पॅरिसच्या गल्लीतल्या गर्दीचा फोटो पाहून ‘अगदी रघु राय’ असं कुणी फ्रेंच समीक्षक म्हणेल, याची वाट बघत बसू नका. आपण मात्र रघु रायला भारताचा ब्रेसाँ करतो. त्यांना ब्रेसाँनेच १९७७ साली ‘मॅग्नम’ या फोटोग्राफरांच्या संस्थेत नेलं, हे खरं, म्हणून काय ब्रेसाँची शाखा उघडायची? मग छत्तीसगडचा रघु राय येणार, त्यानंतर लाखेनगरचा.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. फोटोसोबतच्या मजकुरात ब्रेसाँचं नाव अचूक, जोडरेघेसकट. आणि ज्या पोराने गुडघाभर चिखलात उभं राहून डबक्याचा फोटो काढला, त्याच्या फोटोखाली काय? ‘सौजन्य : सोशल मीडिया’. कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात नाव टाकलं असेल, तर तेही कापलेलं. फ्रेंच माणसाला विशेषण आणि बस्तीतल्या माणसाला कात्री.

तेव्हा संपादक मंडळी, ग्रुप अ‍ॅडमिन मंडळी, एवढं करा. पुढचा फोटो छापण्याआधी किंवा ढकलण्याआधी तो कुणी काढला ते विचारा, त्याचं नाव खाली टाका, आणि जमल्यास पैसेही द्या. विशेषण नाही लावलंत तरी चालेल.