सुट्या भागांचे सेनापती

तुमचं घड्याळ बंद पडलं, तर नालवाडीच्या रणगाडेकाकांच्या कानावर जाऊ देऊ नका. दुरुस्तीला म्हणून नेतील आणि दिवाळीनंतर त्यातलं दातेरी चाक एखाद्या वीतभरही नसलेल्या जीपचं स्टीअरिंग झालेलं दिसेल. वर म्हणतील, "वेळ तर मोबाइलमध्ये दिसूनच राहिली ना बाप्पा!"

काका हिशेब खात्यातून निवृत्त. फौजेशी संबंध म्हणाल तर कॉलेजातली एनसीसी, तीही परेडनंतरच्या समोशापुरती. पण शोकेसमधला काकूंचा डिनर सेट माळ्यावर गेला आणि तिथे रणगाडे तैनात झाले.

किट आणून पत्रकाबरहुकूम जोडणारे लोक काकांच्या लेखी कारकून. पत्रक ते वाचतात, पण काय करायचं नाही ते कळावं म्हणून. किट जोडून उरलेले तुकडे, हीच खरी कमाई. ती गोरसपाकाच्या डब्यांत वर्गवारीनं जाते. पाहुण्यांनी एकदा बिस्किटाच्या आशेनं झाकण उघडलं, तर आत पॅटन रणगाड्याच्या साखळ्या.

सध्या मोहीम आहे अब्दुल हमीद यांच्या जीपची. १९६५ साली असल उत्तरला त्यांनी पॅटन फोडले ते जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेनं. काकांकडे किट आहे अमेरिकन विलीज जीपचं, १:३५ मापाचं. तिच्या पुढच्या जाळीला नऊ फटी. आपल्या महिंद्राच्या सीजे-३बीला सात, आणि बॉनेटही उंच. म्हणून काकांनी जाळी एम-सीलनं बुजवून पुन्हा सात फटी कोरल्या. बॉनेट मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचं. तोफेचं तर गणितच जमलं: १०६ भागिले ३५ म्हणजे ३ मिलिमीटर, म्हणजे बॉलपेनची रिफिल! मूळ तोफ जवळजवळ जीपइतकीच लांब, त्यामुळे रिफिल फारशी कापावीही लागली नाही. नातवाचा गृहपाठ मात्र तीन दिवस पेन्सिलीत झाला.

"अहो, कुकरची शिट्टी कुठं गेली?" काकू आतून.

"तपास सुरू आहे," काका बाहेरून, शिट्टीला मिलिटरी हिरवा फासत.

यावर बोलायची सोय नाही, कारण काकांकडे इतिहास आहे. आपल्या फौजेनंही जुन्या शर्मन रणगाड्यांवर फ्रेंच एएमएक्स-१३ची तोफ बसवली होतीच की. "सरकारनं केलं तर आधुनिकीकरण, अन् म्या केलं तर भंगार?" मलाही हे काही खोडून काढता येत नाही.

गावाचीही त्यांना अडचण वाटत नाही. १९३२ पासून काही वर्षं विनोबा इथे नालवाडीत राहिले, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं चर्मालय इथे चाललं. तिथे हे युद्धसाहित्य? काका तारखा काढतात. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारहून विनोबांनी युद्धाविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पुढच्याच महिन्यात विलीजनं आपली पहिली नमुना-गाडी अमेरिकन लष्कराला दिली. "दोन्हीकडं एकाच वेळी काम सुरू होतं," असं सांगून ते त्यातून काय सिद्ध झालं हे आपल्यावर सोडतात. बाकी, तोफेवरची ताडपत्री शुद्ध खादीची आहे, फेविकॉलात भिजवलेली. सीटला चपलेच्या कातड्याचा तुकडा.

गेल्या महिन्यात शेजारच्या घरी एक निवृत्त सुभेदार आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घालून जीप समोर ठेवली. सुभेदारांनी चष्मा लावला, जीप उचलली. एक चाक निखळून सोफ्याखाली गेलं. काकूंचा चेहरा उजळला.

"आमच्या युनिटात अशीच होती," सुभेदार म्हणाले. "कधी चालली नाही."

काकांनी त्यांचा हात धरला. "हे लिहून देता का?"

चाक सापडलं नाही. त्या एका चाकासाठी काकांनी नवं किट मागवलंय.