लिंबाच्या नात्यातल्या दोघी

आमच्या मागच्या अंगणातला कढीलिंब आमचा आहे, असं फक्त आम्हालाच वाटतं. रोज सकाळी नऊच्या सुमाराला भिंतीपलीकडून काकूंचा हात येतो. मागून आवाज येतो, "अहो, एकच डहाळी घेते हं, तेल तापलंय." तेल तापलेलं असताना मालकी हक्काची चर्चा करायची नसते.

पुढच्या दारातल्या कुंतीकडे मात्र कोणी काही मागत नाही. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी ती अचानक पांढऱ्या फुलांनी भरते. रात्री येणारा-जाणारा फाटकाशी रेंगाळतो, "मोगरा का हो?" म्हणून विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर पाकळ्यांचा सडा, तो झाडायला आम्ही.

या दोघी एका गोत्रातल्या, हे मला फार उशिरा कळलं. शास्त्रीय नावात दोघी 'मुराया'. गॉटिंगेनमध्ये शिकवणाऱ्या मरे नावाच्या प्राध्यापकाच्या सन्मानार्थ १७७१ मध्ये हे नाव छापलं गेलं. त्यापुढे कढीलिंबाला जोडलं आहे 'कोएनिगी'. हा कोएनिग वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आलेला डॉक्टर. मोहरी तडतडल्यावर आपण रोज कोणाचं नाव तेलात टाकतो, याची आपल्याला कल्पना नसते.

अलीकडे पेशींतल्या डीएनएचे कागद तपासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दोघींची वाटणी केली. कढीलिंब आता 'बर्गेरा', म्हणजे १७७१ मध्येच लिनियसनं दिलेल्या जुन्याच नावावर परत. कुंती मुराया घराण्यातच राहिली. भाजीवाल्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. तो अजून मिरची-कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकटच टाकतो.

कुळ मात्र दोघींचं अजून एकच, लिंबू-संत्र्याचं. पान उजेडासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. मराठीनं 'लिंब' म्हटलं ते बहुधा कडुलिंबासारख्या पानांमुळे, पण नेम चुकून नेमका लिंबाला लागला. आमच्याकडे पोह्यांतून वेचून काढलेली पानं ताटाच्या कडेला लिंबाच्या फोडीशेजारी जाऊन बसतात, तेव्हा ती माहेरी पोचलेली असतात. (मी ती चावून खातो. या एका गुणावर घरात माझं बऱ्यापैकी चालतं.)

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला या नात्याचं कौतुक नाही. संत्र्याला ग्रीनिंग रोग देणारी सायला कीड या दोघींवरही पोसते, तेव्हा बागेच्या कुंपणाला शोभेची कुंती नको.

नात्याची खरी जाण फुलपाखराला. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं एक काळं फुलपाखरू आमच्याकडे येतं. पानावर पुढचे पाय आपटून चव घेतं, पसंत पडलं तर अंडं ठेवून उडतं. कढीलिंबावर ठेवतं, कुंतीवर ठेवतं, कुंडीतल्या लिंबाच्या रोपावरही. त्याला वाटणी मान्य नाही. त्याची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मोठेपणी हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. आईनं या अळ्यांना कधी हात लावू दिला नाही. झाडाच्या मुळाशी आंबट ताक ओतता ओतता म्हणायची, "खाऊ देत. शेजारचे खातातच की."

परवा सकाळी नेहमीप्रमाणे हात आला, डहाळी मोडली आणि काकू कुरकुरल्या, "अहो, तुमच्या झाडावर पक्षी घाण करतात. हे बघा."

मग जरा वेळ शांतता.

"अगंबाई! चालायला लागली की ही!"

डहाळी भिंतीवरून आमच्या अंगणात परत आली. मी अळीसकट ती झाडाच्या बेचक्यात अडकवली. तोवर हात पुन्हा वर आलाच होता, या वेळी दुसऱ्या फांदीकडे.