पावाचं ऑडिशन

पाव निवडायला किती वेळ लागतो? वडापावच्या गाडीवर अजिबात नाही. गाडीवाला लादीतून एक तोडतो, चिरतो, चटणी फासतो, संपलं. जाहिरातीच्या स्टुडिओत मात्र लाद्याच्या लाद्या मागवतात आणि एकेक पाव दिव्याखाली फिरवून बघतात. एकाला डाग. दुसरा चपटा. तिसऱ्याचा डावा गाल सुजलेला. अखेर एक पसंत पडतो. त्याला म्हणायचं 'हिरो'.

दिवे आणि कॅमेरा लावून होईपर्यंत हिरो आत झाकून ठेवतात. तोवर त्याच्या जागी डमी पाव बसतो, तापतो, वाळतो, फेकला जातो. सिनेसृष्टीतली सगळी जातव्यवस्था बेकरीत पोचली म्हणायची.

हे ऑडिशन घेणाऱ्या व्यक्तीला फूड स्टायलिस्ट म्हणतात. बारावीचा निकाल लागला की पुरवण्यांतून या धंद्याची चौकट हमखास येते. सर्जनशील करिअर! आवडीचं काम, भरपूर वाव! सोबत एका बर्गरचा देखणा फोटो. हा बर्गर शेवटी कोणी खाल्ला, ते चौकटीत नसतं.

कोणीच खाल्ला नाही.

खाणार कसा? आतली टिक्की वरवर भाजलेली, रंग ब्रशनं दिलेला, थर घसरू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा आणि टूथपिक. पॅनकेकवर पाकाऐवजी मोटारीचं ऑइल, कारण पाक आत मुरतो आणि ऑइल वर चकाकत राहतं. सीरियलच्या वाटीत दुधाऐवजी पांढरा गोंद. थंड ग्लासावरचे थेंब ग्लिसरीनचे, आतला बर्फ अ‍ॅक्रिलिकचा. ताटामागून निघणारी गरमागरम वाफ म्हणजे तापवलेला ओला कापूस. आणि दिव्यांच्या उष्णतेतही न वितळणारं आइस्क्रीम म्हणजे कुस्करलेला बटाटा. बटाटा कुठेही खपतो, हे आपण उपासाच्या दिवशी पाहतोच.

या बटाट्याची दखल चक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घेतली आहे. खटला १९६५ चा, दाढीच्या क्रीमचा. क्रीम लावलं की सँडपेपरचीही दाढी होते, असं जाहिरातीत दाखवलं होतं. तो सँडपेपर नव्हताच. प्लास्टिकच्या काचेवर भुरभुरलेली वाळू होती. न्यायालय म्हणालं, ही फसवणूक. मग आइस्क्रीमच्या जागी बटाटा ठेवतात, त्याचं काय? ते चालेल, त्याला गुणाचा पुरावा म्हणून पुढे करत नसाल तर.

बटाट्यानं नट व्हावं. साक्षीदार होऊ नये.

साक्ष द्यायला मग गोट्या आल्या. कॅम्पबेल कंपनीच्या सूपमधल्या भाज्या तळाशी बसायच्या आणि फोटोत नुसतं पाणी दिसायचं. म्हणून वाडग्यात काचेच्या गोट्या टाकल्या, भाज्या वर आल्या, सूप भरगच्च झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेनं हटकलं आणि १९७० मध्ये कंपनीनं हा प्रकार थांबवायचं मान्य केलं. मिसळीच्या फोटोत मटकी तर्रीच्या वर डोकवावी म्हणून तळाशी उपडी वाटी ठेवणारे याच घराण्यातले. फरक इतकाच की आपल्याकडे वाटीला कोणी हटकत नाही.

हटकायला कायदा नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. तरी झटपट नूडल्सच्या पाकिटावर गाजर, वाटाणे, ढोबळी मिरची, कधी वर अर्धं उकडलेलं अंडं. आत नूडल्सची वीट आणि मसाल्याची पुडी. कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत 'सर्व्हिंग सजेशन'. म्हणजे भाजी तुम्ही आणा, आम्ही फक्त सुचवली.

२०१२ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या कॅनडातल्या कंपनीला एका बाईंनी सरळ विचारलं: जाहिरातीतला बर्गर आणि दुकानातला बर्गर वेगळा का दिसतो? कंपनीनं कॅमेरा थेट स्टुडिओत नेला आणि सगळं दाखवलं. दुकानातला बर्गर मिनिटाभरात तयार. फोटोतल्याला काही तास. साहित्य तेच, पण काकडी, कांदा, चीज सगळं पुढच्या कडेला ओढलेलं, केचप सिरिंजनं टिपलेलं. समोरून भरगच्च, मागून मोकळा. व्यासपीठावर असे मान्यवर आपण नेहमीच बघतो.

प्रामाणिकपणाबद्दल कंपनीची वाहवा झाली. म्हणजे जाहिरात कशी करतो हे सांगणारी आणखी एक जाहिरात झाली.

अमेरिकेत लोक अजून कोर्टात जातात. फोटोतला बर्गर मोठा, हातातला छोटा, म्हणून. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या न्यायाधीशांनी बर्गर किंगवरचा दावा पूर्णपणे फेटाळायला नकार दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी मॅकडोनाल्ड्स आणि वेंडीज यांच्यावरचा तसाच दावा काढून टाकला. एकच देश, एकच तक्रार. बर्गरचं माप राज्यागणिक बदलतं, एवढं नक्की.

त्यापेक्षा जपानी लोक सरळ. हॉटेलच्या दर्शनी कपाटात प्लास्टिकचं जेवण मांडतात आणि ते प्लास्टिकचं आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. इवासाकी ताकिझो यांनी १९३२ मध्ये ओसाकात या नकली पदार्थांचा धंदा उभा केला, तेव्हा ते मेणाचे असत. त्यांच्या गुजो हाचिमान गावात आज पर्यटक पैसे मोजून मेणाची तेंपुरा तळायला शिकतात. नकली ताट असली जेवणापेक्षा कितीतरी महाग पडतं. तरी फसवल्याची तक्रार नाही, कारण आतून येणारं जेवण कपाटातल्यासारखंच असतं.

आपलं दुखणं आणखी वेगळं. आपलं जेवण कॅमेऱ्यासमोर धड उभंच राहत नाही. ते वाहतं, मिसळतं, साय धरतं. आमटी तपकिरी, उसळ तपकिरी, मटण तपकिरी, भरली वांगी त्याहून तपकिरी. त्यावर इलाज एकच: कोथिंबीर. डाळीवर कोथिंबीर, पोह्यांवर कोथिंबीर, पावभाजीवर कोथिंबीर. श्रीखंड तेवढं अजून वाचलंय.

आणि पिठलं? जगातल्या कुठल्याही स्टायलिस्टला बोलवा आणि पिठल्याचा देखणा फोटो काढायला सांगा. धंद्याची खरी परीक्षा तिथे आहे.

स्टायलिस्टचा वरचा भाऊ म्हणजे फूड डिझायनर. स्टायलिस्ट पदार्थ सजवतो, हा पदार्थच आखतो. फोक्सवॅगन गोल्फचा आराखडा करणारे इटलीचे ज्युजारो यांनी १९८३ मध्ये नेपल्सच्या व्होइएल्लो कंपनीसाठी 'मारिल्ले' नावाचा पास्ता आखला. गाडीइतकाच बांधेसूद, सॉस धरून ठेवायला आत खाचा. दिसायला झकास. पण एकसारखा शिजेना: पातळ जागी लगदा, जाड जागी कच्चा. बाजारातून गेला.

चकली पाडणाऱ्या कुठल्याही आजीनं हे आराखडा बघूनच सांगितलं असतं. पण आजीला विचारणार कोण? तिच्याकडे डिझाइनची पदवी कुठे होती?

यशस्वी मंडळीही आहेत. प्रिंगल्सच्या वेफरचा तो खोगिरासारखा बाक आणि त्याचा उभा डबा यांच्यामागचे फ्रेडरिक बाऊर २००८ मध्ये वारले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या अस्थींचा काही भाग प्रिंगल्सच्या डब्यात घालून पुरला. डिझायनर असावा तर असा. आपल्याकडे हापिसातून रिटायर झालेला माणूस परत त्या रस्त्यानं जात नाही.

नेदरलँड्समध्ये तर आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीनं २०१४ मध्ये अन्नावर वेगळा विभागच काढला. मारिये फोखेलझांग या बाईंकडे सूत्रं दिली. अन्न कुठून येतं, माणसं एकत्र बसून का जेवतात, याचा विचार तिथे डिझाइन म्हणून होऊ लागला. आपल्याकडे त्याची झेरॉक्स आली ती अशी: पाणीपुरीचं पाणी टेस्टट्यूबमध्ये, भजी छोट्या हातगाडीत, पापड कपड्याच्या चिमट्याला. ब्रिटनमध्ये वैतागलेल्या गिऱ्हाइकांनी २०१५ पासून 'आम्हाला प्लेटा हव्यात' अशी मोहीमच चालवली. आपण अजून टेस्टट्यूबचा फोटो काढतोय.

यावर कडी म्हणजे 'डीकन्स्ट्रक्टेड' वडापाव. वडा एकीकडे, पाव दुसरीकडे, चटणीचा ठिपका तिसरीकडे. दर पाचपट. जुळणीची मजुरी तुमची.

आता मूळ मुद्दा. अन्नाची मांडणी हे कौशल्य आपल्याकडे कालपरवा विमानातून उतरलं का?

पंगतीचं ताट आठवा. वर मध्यभागी मीठ, शेजारी लिंबू. डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी. समोर भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. भोवती रांगोळीची महिरप. रंग, चव, हाताची पोच, सगळ्याचा हिशेब त्यात आहे. वाढणाऱ्या बाईनं डावं उजवीकडे वाढलं तर सासू बोलायची. एवढा कडक आर्ट डायरेक्टर कुठल्या एजन्सीत आहे?

मोदकाच्या कळ्या, करंजीची मुरड, रुखवतातली चिरोट्यांची आरास. आणि हलव्याचे दागिने! मंद आचेवर तीळ किंवा साबुदाणा घोळवत, चमचा चमचा पाक सोडत, काटा फुलेपर्यंत बसायचं. मग त्याच दाण्यांचा हार, बाजूबंद, मुकुट ओवायचा. फूड डिझाइन आणि ज्वेलरी डिझाइन, एकाच शेगडीवर.

मानधन? 'छान झालंय हं.' तेही नशीब असेल तर. एरवी 'मीठ जरा कमी पडलंय.'

हेच काम स्टुडिओत गेलं की दिवसाच्या दरानं बिल निघतं, सहायक मिळतो, नावापुढे 'क्रिएटिव्ह' लागतं. फरक फक्त एका गोष्टीचा. घरातल्या ताटावर कोणीतरी जेवतं.

जेवू घातलं तर फुकट. कोणीच जेवलं नाही तर पैसे.

अमेरिकेतही सुरुवात बायकांनीच केली. जाहिरातींसाठी पदार्थ रांधून मांडणाऱ्या पहिल्या बऱ्याच जणी गृहशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांची नावं कोणाला माहीत आहेत? नाव झालं बेटी क्रॉकरचं. १९२१ मध्ये एका पीठ कंपनीनं गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला ही बाई कागदावर जन्माला घातली. १९४५ मध्ये 'फॉर्च्युन' मासिकानं तिला अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची प्रसिद्ध स्त्री ठरवलं. पहिल्या क्रमांकावर एलिनॉर रूझवेल्ट. खऱ्या स्वयंपाकिणींचा क्रमांक यादीत नाही, कारण त्या खऱ्या होत्या.

मुंबईत १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं केटरिंगचं कॉलेज निघालं. आज दादरला उभी असलेली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था ती हीच. फार चांगलं झालं. स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला डिप्लोमा मिळाला. स्वयंपाकघरातल्या बाईला मिळायचा राहिला.

असो. पोरापोरींना या धंद्यात जायचंच असेल तर चौकटीत न छापलेलं थोडं ऐका. पहाटे मंडईत जाऊन पेटीभर टोमॅटोंतून एक निवडायचा. चिमटे, ब्रश, ड्रॉपर, ब्लो टॉर्च यांची ट्रंक स्वतः उचलायची. दिव्यांच्या उकाड्यात तासन्‌तास उभं राहून तिळाची दिशा बदलायची. मग क्लायंट येऊन म्हणणार, 'तीळ जरा जास्त वाटत नाहीत का?' संध्याकाळी बिल पाठवायचं आणि पुढचे काही महिने 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य पाठ करायचं.

शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं. शिकायचं असेल तर एखाद्या जाणत्या स्टायलिस्टकडे सहायक म्हणून भांडी घासा. आणि त्याआधी स्वयंपाक शिका. पुरी किती वेळ फुगलेली राहते हे ज्याला माहीत नाही, तो कॅमेरावाल्याला 'आता' कधी म्हणणार?

यंत्राची भीती वाटते? तिथे एक दिलासा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झोमॅटोनं जाहीर केलं की एआयनं बनवलेले पदार्थांचे फोटो मेनूवर चालणार नाहीत. गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो म्हणून. म्हणजे यंत्रानं केलेलं खोटं वर्ज्य, हातानं सजवलेलं चालू. निदान थापेच्या धंद्यात तरी माणसाची नोकरी वाचली.

तेव्हा या, बिनधास्त या. फक्त एक पथ्य पाळा. क्लायंट गोड आवाजात 'आपलं घरचंच काम समज' म्हणाला, की त्याच क्षणी आगाऊ रक्कम मागा. घरच्या कामाचा दर काय असतो, ते आईला विचारा.