खडूरावांस खुला खलिता

राजमान्य राजेश्री खडूराव,
मुक्काम काळ्या फळ्याची खालची पट्टी, यांसी —

31 वर्षे आपल्या पदरी चाकरी करून निवृत्त झालेल्या एका गणितशिक्षकाचे कृतानेक नमस्कार. विज्ञापना ऐसीजे, बाराखडीपासून वर्गसमीकरणापर्यंत आपण या मुलखातल्या पोरांना जे जे शिकविले त्याचे उपकार मी नाकारीत नाही, आणि आपली पूड माझ्या कोटाच्या बाह्यांत, चष्म्यावर व घशात मिरासदार होऊन बसली, तिच्याबद्दलही माझी तक्रार नाही. परंतु चक्रवाढ व्याजाचे उदाहरण मांडताना भागाकाराची आडवी रेघ ओढावी आणि नेमक्या त्याच क्षणी आपण अशी किंकाळी फोडावी की, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत 56 मुलांचे खांदे एकदम कानांना भिडावेत, खिडकीजवळच्या मुलीने वेणीचे टोक दातांत धरावे, आणि ज्याच्या हाती छडी तो वर्गाचा सुभेदार, म्हणजे मी, डोळे मिटून तसाच उभा राहावा, हा प्रकार दप्तरी नोंद झाल्यावाचून राहू नये, म्हणून ही फिर्याद.

केवळ गोंगाटाचा प्रश्न असता तर मी नगरपालिकेकडे गेलो असतो. आपला आवाज तो केवढा! शेजारच्या वर्गातले पाढे त्याला सहज बुडवितात. तरीही न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात 13 माणसांना निजवून 74 ध्वनी ऐकविले आणि 2012 साली त्याचा निकाल जाहीर केला, तेव्हा अप्रियतेत आपला क्रमांक तिसरा लागला, याबद्दल अभिनंदन. पहिला मान बाटलीवर घासणाऱ्या सुरीचा, दुसरा काचेच्या पेल्यावर ओढलेल्या काट्याचा. आणि ज्यांचे नाव अशा प्रसंगी सर्वांच्या तोंडी असते ती फळ्यावर ओरखडणारी नखे बिचारी पाचवी. उलट, मेघांचा गडगडाट टाळ्यांच्या नि तान्ह्या बाळाच्या हसण्याच्या पंगतीला जाऊन बसला. असा ध्वनी कानी पडला म्हणजे मेंदूतली अमिग्डाला नावाची बदामाच्या आकाराची पेशींची जुडी, जिला भीतीचे ठाणे म्हणावे, ती श्रवणकेंद्राला कान झाकण्याचा नव्हे, तर अधिक लक्षपूर्वक ऐकण्याचा हुकूम सोडते. नको तेच जास्त ऐकू यावे, हा बंदोबस्त कोणाच्या अकलेतून निघाला कोण जाणे.

आमच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. सेकंदाला 3000 कंपनांच्या आसपासचा स्वर तीत शिरला की आपोआप फुगतो, आणि आपण नेमके त्याच पट्ट्यात दाटून बसता. 1986 साली अमेरिकेतील हालपर्न, ब्लेक व हिलेनब्रँड या तिघांनी बागेतले तीन दातांचे दाताळे पाटीच्या दगडावर ओढून तो आवाज मुद्रित केला, त्यातले अतिउच्च स्वर गाळून टाकले, तरी ऐकणाऱ्यांचा शहारा काही ओसरला नाही. तेव्हा हा माकडांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा पूर्वजन्मीचा ठसा तर नसेल, अशी शंका त्यांनी घेतली. पुढे 2006 साली या खटाटोपाला इग्नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मिळाले. शंका मला फारशी पटत नाही, दाताळे मात्र पटते. आपल्या भाषेनेही हेच केव्हाचे ओळखले आहे : 'कर्कश' हा शब्द मुळात खरखरीत स्पर्शाचा, तो कानाच्या इलाख्यात मागाहून आला.

खरे शल्य निराळेच आहे. आपण फळ्याला क्षणभर चिकटता, सुटता, पुन्हा चिकटता, आणि सेकंदात कितीतरी वेळा चाललेल्या या धरसोडीतून ती किंकाळी जन्मते. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेवर फिरतो तेव्हाही हीच धरसोड चालते! एकाच कुळात जन्म घेऊन भावाने मैफलीत अश्रू काढावेत आणि आपण वर्गात दात आंबवावेत?

संगीताचे नाव सांगून सुटका होईल, अशीही आशा धरू नये. 2011 सालच्या एका प्रयोगात असेच आवाज काही श्रोत्यांना नव्या संगीतरचनेतले म्हणून ऐकविले. त्यांनी ते जरा कमी वाईट ठरविले खरे, पण त्यांच्या त्वचेची जबानी घेतली तेव्हा ती इतरांइतकीच शहारलेली निघाली. आम्हां मास्तरांचा इलाज त्याहून जुना आहे : नवा कोरा खडू हाती आला की, प्रथम त्याचे दोन तुकडे करावेत आणि तिरपा धरून लिहावे. आपला देहभंग करण्यामागे काटकसर होती, असा समज आपण करून घेतला असेल तर तो या पत्राने दूर व्हावा.

आता त्या वर्गात पांढरा गुळगुळीत फळा आला असून त्यावर शाईची लेखणी चालते. परवा तिची टोपी काढून मी एक रेघ ओढून पाहिली. तीही कुईकुई करते.

सोबत : कोटाच्या आतल्या खिशात सापडलेला आपला पाऊण इंच. पोच द्यावी. बहुत काय लिहिणे.

आपला आज्ञाधारक,
एक निवृत्त मास्तर