डॉक्टरची गाडी
अंबिया बहाराचा संत्रा यंदा बऱ्या भावाने गेला आणि आमच्या अंगात सेडान शिरली. नागपूरच्या दलालाने बॉनेटवर हात फिरवत सांगितलं, "डॉक्टरची गाडी आहे भाऊ, फक्त दवाखान्यात जायची." खरंच आहे. अजूनही ती दवाखान्यातच असते.

काटोल ते नागपूर साधारण ६० किलोमीटर. मे महिन्यात कळमेश्वर यायच्या आतच काटा लालवर. गाडी निवल्यावर मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत कूलंट नाहीच; विहिरीचं पाणी, गंजून चहाच्या रंगाचं. गंजाने जाळी चोंदते, इंजिन तापतं, हेड गॅस्केट उडतं. कूलंटचा डबा काही शेकड्यांचा, हेड उघडलं की बिल पाच आकडी. डॉक्टरांनी नेमका इथे काटकसरीचा उपचार केलेला.

क्लच प्लेटचं तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दर्शन होत नाही, म्हणजे नुसतं बघायचेही पैसे. सस्पेन्शनचे बुश आमच्या पांदण रस्त्याने खाल्ले, त्यात दलालाचा दोष नाही.

मिस्त्री मात्र आशावादी. "इंजिन दणकट हाय भाऊ, बाकी सारं बदलून घ्या."

कुणाला हवी असेल तर कळवा. शेतकऱ्याची गाडी आहे, फक्त गॅरेजात जायची.