लोककला, सकाळी साडेपाच ते साडेआठ

दिवाळी आली की पुण्या-ठाण्यातली एरवी आठला उठणारी माणसे अंधारातच अभ्यंगस्नान उरकून, पैठणी-झब्ब्यात नटून ‘दिवाळी पहाट’च्या रांगेत उभी राहतात. पास फुकट असतो. त्यावर गायकापेक्षा इच्छुक उमेदवाराचा फोटो मोठा असतो. असेना का, मध्यंतरात उपमा आहे.

निवेदक ‘यंदा काहीतरी नवे’ म्हणतो आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’कडे वळतो.

मग लोकसंगीत. जागरण-गोंधळ हे मुळात रात्रभराचे विधिनाट्य. संबळ-तुणतुण्यावर आख्यान रंगायलाच तास जातात. इथे ऑक्टोपॅडच्या साथीने तो सात मिनिटांत आटोपतो. देवीचीही हरकत नसावी, पुढे प्रायोजकाचा सत्कार असतो. लावणीला मात्र पहिल्या रांगेतून वन्समोअर येतो. हीच रांग नारायणगावी सहसा दिसत नाही. तिथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. त्याच गावच्या तमाशा कलावंत विठाबाई २००२ साली गेल्या, त्याही हलाखीत; त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार नंतर आला. सवडीने.

शेवटी नवे संगीत येतेच. ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला, हे निवेदक ऊर भरून सांगतो. मागे बसलेल्या संबळवाल्याचे नाव सांगायचे तेवढे राहून जाते.