अण्णा लडाखला निघतात

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गुडघे शाबूत, मुलगा परदेशात आणि कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरांची चळत. इतर लोक प्रवासाला जायचं म्हणून तयारी करतात. अण्णांना तयारी करायची असते म्हणून ते प्रवासाला जातात. केरळ झालं, राजस्थान झालं, पण तिथे विसरलेली वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, त्यामुळे मजा नाही. लडाखचं नाव निघालं आणि अण्णांच्या अंगात दहा वर्षांमागचा उत्साह संचारला. साडेअकरा हजार फुटांवरचं लेह, विरळ हवा, थंड वाळवंट, फोन लागला तर लागला! एवढ्या गैरसोयी एका जागी मिळणं दुर्मीळच.

सहल जूनची, बुकिंग जानेवारीत. टूरवाल्यांच्या कार्यालयातल्या मुलीने “या काका, बसा” म्हणून पाणी पुढे केलं, तेव्हा आपली दुपार गेली याची त्या बिचारीला कल्पना नव्हती.

“सूट मूळ किमतीवर, की पाच टक्के जीएसटी धरून?”

“मूळ किमतीवर, काका.”

“गाडीतल्या जागा रोज बदलणार ना? मग नुब्राला जाताना मला डावी खिडकी आणि येतानाही डावीच, असं होता कामा नये. दरी दोन्ही वेळा एकाच बाजूला येत नाही.”

मुलीने लिहून घेतलं. मग अण्णांनी माहितीपत्रकावर बोट ठेवलं. “खारदुंग ला, 18,380 फूट. जुन्या पाट्यांवरही हेच होतं, मान्य. पण उपग्रहाच्या मोजणीत ती खिंड 17,582 भरते. म्हणजे 798 फूट कमी. याचे पैसे वजा होणार का?”

“काका, पैसे उंचीवर नसतात.”

“मग माहितीपत्रकात उंची मोठ्या अक्षरांत कशाला छापता?” याला उत्तर नव्हतं. अण्णांना चहा मात्र मिळाला.

फेब्रुवारीपासून तालीम सुरू झाली. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या रोज दोनदा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये ज्ञानकोशाचे खंड. एप्रिलमध्ये थर्मल आले. त्यांचा अंगाला सराव हवा, म्हणून भर उन्हाळ्यात अण्णा माकडटोपी घालून पंखा बंद करून बसत. कोरोनाच्या लाटेत घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर निघाला आणि सोसायटीतलं एकही बोट त्यातून सुटलं नाही. वॉचमनचा अठ्ठ्याण्णव आला, अण्णांचा शहाण्णव. वॉचमनशी त्यांचं दोन दिवस बोलणं नव्हतं.

सिमकार्डाचं प्रकरण त्याहून जड गेलं. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड कार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. अण्णा जन्माचे प्रीपेड. महिनाअखेर बिल येणार आणि ते आधी ठाऊक नसणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. शेवटी काकूंच्या नावाने पोस्टपेड घेतलं आणि फोन करायचा नाही, फक्त घ्यायचा, असं त्यांना बजावलं.

मे महिन्यात सामानाची वजनं झाली. विमानात पंधरा किलो जातात, वर हातातली सात. माळ्यावरून भंगारवाल्याचा शोभेल असा काटा उतरला. भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गूळपापडी हे साडेचार किलो भरलं, तेव्हा अण्णांनी स्वतःचा एक स्वेटर कमी केला, पण मेतकुटाला हात लावला नाही. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते, हे त्यांनी गटातल्या सगळ्यांना फोन करून कळवलं. गटातले लोक अजून एकमेकांना भेटलेही नव्हते.

पण अण्णांचा खरा शत्रू हवा. तिच्यासाठी त्यांनी भीमसेनी कापराच्या बावीस पुरचुंड्या बांधल्या, माणशी एक आणि वर राखीव. डॉक्टरांनी समजावलं की कापराने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण लेहलाही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. म्हणून एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशच प्राणवायू आत जातो, आणि खारदुंग लाच्या उंचीवर जेमतेम निम्मा. डायमॉक्सची गोळी मदत करते, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायला हवं, शिवाय ती घेतली की लघवीला वारंवार लागतं. हे ऐकल्याबरोबर अण्णांनी पँगाँगच्या रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांची यादी मागवली. ती फार छोटी निघाली.

“आणि मुख्य म्हणजे,” डॉक्टर म्हणाले, “लेहला उतरल्यावर दोन दिवस काही करू नका.”

एवढं एकच वाक्य अण्णांनी लिहून घेतलं नाही. सगळी गोम तिथेच आहे. या जातीच्या माणसाला काहीही करायला सांगा, तो दुप्पट करील; काही करू नका म्हटलं की त्याला ते ऐकूच येत नाही.

लेहची विमानं सकाळी उतरतात. टूर मॅनेजरने सगळ्यांना खोल्या दिल्या, गरम पाणी प्या, झोपा, आज कुठेही जायचं नाही म्हणून बजावलं. काकूंनी साडीवर स्वेटर चढवला, पायात मोजे घातले आणि त्या खरोखर झोपल्या. अण्णांनी बॅगा उघडल्या. पुण्यात सपाट बंद केलेली भाकरवडीची पाकिटं कमी दाबामुळे टम्म फुगलेली पाहून ते हरखले. निदान एक तरी गोष्ट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडत होती. संध्याकाळी ते गुपचूप शांती स्तूपाकडे निघाले. तिथे पायऱ्या पाचशेहून अधिक. पर्वतीचा सराव होताच.

माणूस धट्टाकट्टा आहे की नाही, हे विरळ हवा विचारत नाही. चार महिने पायऱ्या चढलेल्यालाही ती आडवी करते, आणि व्यायामाच्या वाटेला कधी न गेलेल्याला सोडून देते. रात्री अण्णांचं डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या. ऑक्सिमीटरने एकोणनव्वद दाखवले. त्या उंचीवर हा आकडा फारसा वावगा नाही, पण अण्णांना स्वतःची मृत्युपत्राची फोल्डर आठवली. त्यांना दवाखान्यात प्राणवायू लावला. दोन दिवसांनी गट खारदुंग ला ओलांडून नुब्राकडे गेला, हुंडरच्या वाळूत दोन वशिंडांच्या उंटावर बसला. त्या उंटावर काकूही होत्या, डाव्या खिडकीतून दरीही त्यांनीच पाहिली. अण्णा लेहमध्ये पडून मेतकूट-भात खात होते आणि फोन काकूंकडे असल्यामुळे त्यांना कुणालाही काही कळवता येत नव्हतं.

परत आल्यावर अण्णांनी एकच निष्कर्ष काढला: तयारी कमी पडली. पुढच्या वर्षी स्पिती. तिथे शिमल्याहून किन्नौरमार्गे गाडीने गेलं तर उंची हळूहळू चढते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. अण्णांना हा मार्ग पसंत पडलाय, कारण प्रत्येक मुक्कामाला वेगळी फोल्डर करता येते.

तुम्ही लडाखला जाणार असाल तर अण्णांकडून औषधांचं पान जरूर मागून घ्या. ते खरोखर चांगलं आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस निमूट झोपा. मात्र ते पान आणायला सुट्टीच्या दिवशीच जा, आणि जाताना जेवून जा.